अर्ध्या मणाची पिशवी

राज्य शासनाच्या सेवेतील छत्तीस वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे आम्ही धान्याची पोती मोजण्यात घालविली. खरेदी केंद्रावर आलेली पोती, ट्रकवर चढलेली पोती, गोदामात उतरलेली पोती आणि या तिन्ही आकड्यांत हटकून पडणारे अंतर, हा आमच्या नोकरीचा मुख्य विषय होता. एवढ्या पोत्यांपैकी एकही पोते आपण स्वतः उचललेले नाही, ही साधी गोष्ट मात्र ध्यानात येण्यास वयाचे सहासष्टावे वर्ष उजाडावे लागले. आणि तीही ग्वाल्हेरच्या दाल बाजारात नव्हे, तर अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका डोंगराळ गावी ध्यानात आली.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता कन्येकडे गेलो होतो. कनेक्टिकट नदीच्या एका काठाला व्हरमाँट आणि दुसऱ्या काठाला न्यू हॅम्पशायर. त्या खोऱ्यातील एका टेकडीच्या उतारावर तिचे घर आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे मेपलची पाने लाल-केशरी होऊ लागतात आणि आमच्यासारखे पाहुणे ती पाहण्यात दंग होतात. रहिवाशांचे लक्ष मात्र त्या दिवसांत झाडांवर नसून सरपणावर असते. जानेवारीत तेथे पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. घर उबदार ठेवण्यासाठी तळघरात खनिज तेलाची भट्टी आहे. परंतु तेलाचा खर्च फार. म्हणून आमच्या जावयांनी बैठकीच्या खोलीत लाकडी कांड्यांवर चालणारी शेगडी बसवून घेतली आहे. तिकडे या कांड्यांना पेलेट म्हणतात.

लाकूड कापण्याच्या गिरण्यांत पडणारा भुसा वाळवून पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने काढला, की सुमारे सहा मिलिमीटर जाडीच्या आणि बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तयार होतात. दिसावयास थेट गुरांच्या कांडी पेंडीसारख्या. त्यांत डिंक किंवा सरस घालावा लागत नाही. दाबाने उत्पन्न होणाऱ्या उष्णतेत लाकडातलेच लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते आणि निवताना तेच भुशाला बांधून ठेवते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हे इंधन अमेरिकेत पुढे आले. शेगडीच्या माथ्यावरील पेटीत पिशवी ओतावयाची. मग विजेवर फिरणारा एक मळसूत्री दांडा थोड्या थोड्या कांड्या जाळाच्या भांड्यात टाकीत राहतो. जाळ मंद हवा असेल तर कांड्या सावकाश, प्रखर हवा असेल तर भराभर. राख इतकी थोडी पडते, की ती झाडावयास गेलेल्याला आपण विनाकारण वाकलो असे वाटावे.

जावई ही माहिती देत होते तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे जनकगंजातले जुने घर उभे होते. १९६० च्या दशकात कोळशाची ओढाताण झाली, की आई भुशाची शेगडी पेटवीत असे. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडलेले. मधोमध बाटली उभी धरावयाची, तिच्याभोवती भुसा ठासून भरावयाचा आणि मग बाटली अलगद फिरवून काढून घ्यावयाची. राहिलेल्या पोकळीतून जाळ वर चढे आणि त्या एका भरणीवर सकाळचा स्वयंपाक होऊन अंघोळीचे पाणीही तापे. आरा मशीनवरून भुशाचे पोते आमचे थोरले बंधू सायकलच्या कॅरिअरवर लादून आणीत. आम्ही मागून हात लावून चालत असू आणि घरी पोहोचल्यावर आपणच पोते आणले असे सांगत असू. ते पोते दिसावयास भले थोरले, पण वजनाला मामुली. दाबलेल्या भुशाचे तसे नाही. सुट्या भुशाच्या जागेत त्याच्या तिपटीएवढे वजन सहज मावते, आणि म्हणूनच तो वाहून आणणे परवडते.

कांड्यांची पिशवी प्लॅस्टिकची, ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोंची असते. लाकडी चौकटीवर अशा ५० पिशव्या रचून वर पातळ पारदर्शक आवरण गुंडाळले, की २,००० पौंड होतात. तो अमेरिकन टन, आपल्या हिशेबाने ९०७ किलो. १८ किलो हा आकडा ऐकताच आमच्या मनाने दुसराच हिशेब मांडला. आमचे वडील शेवटपर्यंत वजन मणाशेरांतच सांगत. बंगाली मण ३७ किलोंहून थोडा अधिक. म्हणजे ही पिशवी जवळजवळ अर्ध्या मणाची झाली. जावयांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मण म्हणजे काय ते आधी विचारून घेतले आणि मग हिवाळ्यासाठी तीन टन लागतील, असे सांगितले. तीन टन म्हणजे १५० पिशव्या, पंचाहत्तर मण.

दुकानदार पैसे घेऊन माल घरपोच देतो. परंतु मोठा ट्रक त्या चढणीच्या खडीच्या वाटेने वर येत नाही. तो चौकटी रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जातो आणि तेथून दीडशे पिशव्या वर नेण्याचे काम उरतेच. सबब जावयांनी शेजाऱ्यांचा दोनचाकी ट्रेलर मागून आणला व आपल्याच मोटारीला जोडला. मोटारीच्या मागील पोलादी गोळ्यावर ट्रेलरच्या दांड्याचे तोंड बसवून खटका लावावयाचा आणि दोन साखळ्या दांड्याखालून फुलीच्या आकारात अडकवावयाच्या. चुकून दांडा गोळ्यावरून निसटलाच, तर तो रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावा, हा त्या फुलीचा हेतू.

ट्रेलरच्या कडेला एक पत्र्याची पट्टी होती. मालासह एकूण वजन २,००० पौंडांहून अधिक नसावे, असे तीवर कोरलेले होते. ट्रेलरचे स्वतःचे वजनच ५०० पौंडांच्या घरात, तेव्हा एका खेपेत अख्खा टन बसणार नव्हता. जावयांनी एका खेपेस २५ पिशव्यांचा नेम ठरविला. तीन टनांस सहा खेपा, दोन शनिवार-रविवारांत. आम्ही आयुष्यभर जे ट्रक पाहिले, त्यांवरही अशा पट्ट्या असत. पण त्या वाचून कोणी माल कमी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. धर्मकाट्यावर वजन वाढलेले दिसले, की बदलत असे ती पावती, माल नव्हे.

पहिल्या खेपेस आम्ही बरोबर गेलो. निघताना कन्येने बजावले, “बाबा, तुम्ही नुसते मोजा. उचलू नका.” सौभाग्यवतींनी खिडकीतून त्यास दुजोरा दिला. दुकानाच्या अंगणात पंचविशीची एक मुलगी फोर्कलिफ्ट चालवीत होती. तिने एक चौकट ट्रेलरशेजारी आणून ठेवली. अर्धीच न्यावयाची असल्याने पिशव्या हातांनी चढविणे भाग होते. जावई एकटेच वाकत-उठत आहेत आणि आम्ही पाठीमागे हात बांधून आकडे म्हणत आहोत, हे दृश्य आम्हांस पाच-सहा पिशव्यांपलीकडे सोसवले नाही. नोकरीत हेच दृश्य छत्तीस वर्षे सोसले होते. पण तेथे वाकणारा आपला जावई नव्हता. आम्ही सदऱ्याच्या बाह्या सारल्या.

उचलणे सुरू केले आणि लगेच अधिकारी जागा झाला. पिशव्या मागल्या दारापाशीच रचाव्यात, म्हणजे घरी काढावयास सोप्या, असा सल्ला आम्ही दिला. जावयांनी वडीलधाऱ्याचा मान ठेवून तो ऐकला. दहा-बारा पिशव्या रचून झाल्या तोच ती मुलगी यंत्रावरून उतरून आली आणि हसून, पण ठामपणे, वजन पुढे घ्या असे सांगून गेली. ट्रेलरचा मागचा भाग जड झाला, की दांडा मोटारीला वर उचलू पाहतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोले घेऊ लागतो. ते झोले एकदा वाढले, की मोटारही आवरत नाही. म्हणून मालाचा मोठा हिस्सा चाकांच्या आसाच्या पुढे असावा आणि एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या गोळ्यावर यावा, असा नियम आहे.

ऐकता ऐकता आम्ही ओशाळलो, कारण ही विद्या आम्हांस नवी नव्हती. मराठीत बैलगाडी मागे जड झाली की तिला उलाळ झाली म्हणतात. आमच्या लहानपणी ग्वाल्हेरचा टांगेवालाही मागे लठ्ठ उतारू बसले, की “टांगा उलार हो रहा है, बाबूजी, आगे सरकिए” म्हणून एकाला आपल्या शेजारी घेत असे. बैल असो, घोडा असो वा मोटार, ओढणाऱ्याच्या अंगावर थोडा भार हवाच. त्याच्यावरचा सगळा भार काढून घेतला तर गाडी त्याच्या ताब्यात राहत नाही. रचलेल्या पिशव्या आम्ही निमूटपणे पुढे सरकविल्या आणि पट्टे आवळले. ढग होते म्हणून वर ताडपत्री घातली. या कांड्यांना पाण्याचे भारी वावडे. पिशवीला बारीक छिद्रे असतात. आत ओल शिरली, की कांडी फुगून पुन्हा भुसा होते आणि मग तो शेगडीच्या काही उपयोगाचा नाही.

घरी आल्यावर ट्रेलर उलटा नेऊन गॅरेजच्या दाराशी लावण्याचा प्रसंग आला. त्याचे वर्णन करीत नाही. चाक उजवीकडे फिरविले की ट्रेलर डावीकडे जातो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. शेवटी चाकाच्या तळाशी हात धरून, ट्रेलर ज्या बाजूस न्यावयाचा त्या बाजूस हात नेण्याची युक्ती जावयांना आठवली आणि चौथ्या प्रयत्नात तो जागेवर लागला.

गॅरेजची जमीन सिमेंटची. तिच्यावर थेट पिशव्या ठेवल्या तर ओल धरते. येथे मात्र आमचे ज्ञान खरोखर कामास आले. गोदामात पोत्यांखाली लाकडी डनेज घालतात. तसे आम्ही रिकाम्या चौकटी मागवून खाली घातल्या. थप्पी लावताना पहिला थर आडवा, दुसरा उभा, म्हणजे वरची पिशवी खालच्या दोहोंचा सांधा दाबते आणि थप्पी ढासळत नाही. भिंतीपासून वीतभर जागा सोडली. पहिली पिशवी ठेवताना आमच्या तोंडून आपसूक “लाभ” निघाले. धान्य मापताना आपल्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे दोन, तीन. जावयांना हे अपूर्वाईचे वाटले आणि पुढील प्रत्येक खेपेस पहिली पिशवी टाकताना तेच मोठ्याने “लाभ” म्हणू लागले.

पहिल्या दिवशी आमच्या वाट्यास किती पिशव्या आल्या, ते मोजण्याची सवय असल्याने सांगता येते: ट्रेलरवर चढविल्या नऊ, उतरविल्या आठ. एकूण सतरा. सतरावी ठेवून सरळ उभे राहण्याचा प्रयत्न केला तेव्हा कंबर आपली राहिली नव्हती. रात्री सौभाग्यवतींनी गरम पाण्याची पिशवी दिली आणि काही बोलल्या नाहीत; हे बोलण्यापेक्षा अधिक झाले.

पडल्या पडल्या सुचतात ते हिशेबच. अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या शासकीय संस्थेने १९९१ मध्ये एक सूत्र सुधारून मांडले. त्यानुसार सर्व गोष्टी अनुकूल असतानाही, म्हणजे ओझे अंगाजवळ, वाकणे नाही, वळणे नाही अशा स्थितीतही, एका वेळी उचलावयाचे वजन २३ किलोंच्या आत असावे. ४० पौंडांची पिशवी त्या मर्यादेत बसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. त्याच वर्षीच्या संबंधित करारास भारताने मान्यता दिली ती २०१० मध्ये. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा गव्हाचे पोते ९५ ते १०० किलोंचे असे. ५० किलोंचे बारदान पुढे आले. पल्लेदार ते पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत. नऊ टनांचा ट्रक सहा पल्लेदार दीड तासात रिकामा करीत. माणशी पंधरा-सोळा पोती, म्हणजे प्रत्येकी दीड टन, आणि हंगामात असे ट्रक दिवसाला चार-पाच. आम्ही सतरा पिशव्यांत, म्हणजे पुरत्या तीन पोत्यांतच, आडवे झालो होतो. ही पोती आमच्यासमोरून जात असताना आम्ही खुर्चीवर बसून प्रत्येक पाचव्या पोत्यास आडवी रेघ ओढीत होतो, आणि पोत्याखाली माणूस आहे ही नोंद आमच्या कागदात कोठेच नव्हती.

महाराष्ट्रात अशा कष्टकऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला आणि डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, हे आम्ही ग्वाल्हेरीत बसून मराठी नियतकालिकांतून अभिमानाने वाचीत असू. वाचनालयात त्यावर बोलतही असू. परंतु त्याचा आपल्या टेबलाशी काही संबंध आहे, असे कधी मनात आले नाही. आणि संबंध होता.

१९९४ च्या रब्बी खरेदीतली गोष्ट आहे. जिल्ह्याचे नाव सांगत नाही. एका केंद्रावर फळी ओली होती. पल्लेदार घसरला आणि पाठीवरचे पोते त्याच्या कमरेवर आले. तो पुन्हा उभा राहिला नाही. जिवंत होता, पण अंथरुणावर. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या पत्नीचा अर्ज आला. कोणाकडून तरी लिहवून घेतलेला, खाली अंगठा. काही मदत मिळावी, एवढेच त्यात होते. तो कागद फिरत फिरत आमच्या टेबलावर अभिप्रायासाठी आला. सदर इसम ठेकेदाराचा मजूर आहे, शासनाचा कर्मचारी नाही, सबब कोणतेही दायित्व निघत नाही. प्रकरण नस्तीबद्ध करावे, असा अभिप्राय आम्ही लिहिला. वरिष्ठांनी सही केली. नस्ती बंद झाली. टिपणी नेटकी आणि थोडक्यात लिहिल्याबद्दल आमचे कौतुकही झाले.

ही टिपणी नियमास धरून होती, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. ती नियमास धरून नव्हती. त्या काळी लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ प्रमाणे ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडून मागता येत होती आणि शासकीय खात्याचे काम हाही त्या कायद्यापुरता त्या खात्याचा व्यवसायच धरला जात होता. त्या बाईस मिळालेच असते असे आज म्हणवत नाही; परंतु तिचा अर्ज कामगार खात्याकडे पाठवावा, अशी एक ओळ लिहिणे आमच्या हाती होते. कायद्याचे पुस्तक मागील कपाटात होते. उठून ते काढण्याचे श्रम आम्ही केले नाहीत. त्या पल्लेदाराचे नाव अर्जात होते, आमच्या टिपणीतही असणार. नस्तीचा रंग आठवतो, वरिष्ठांची हिरवी शाई आठवते. नाव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी जावई आम्हांस खेपेला नेईनात. आम्ही गॅरेजमध्ये थप्पीपाशी उभे राहून मोजण्याचे काम पत्करले. शेवटच्या खेपेस पाऊस लागला, ताडपत्रीची एक कड वाऱ्याने सुटली आणि तीन पिशव्या भिजून फुगल्या. १५० मधून तीन वजा, शिल्लक १४७, असे आम्ही दाराच्या मागील बाजूस खडूने लिहिले. जावयांनी त्या तीन पिशव्यांतला भुसा बागेतल्या वाटेवर पसरून टाकला.

आम्ही परतलो डिसेंबरात. जानेवारीत कन्येचा दूरध्वनी आला. बाहेर कमरेइतके बर्फ होते. दिवसाला एक पिशवी, कडाक्याच्या थंडीत दीड, असा खर्च चालला होता. वीज गेली की शेगडी बंद पडते, त्याची तेवढी काळजी. जावई रोज सकाळी थप्पीतून पिशवी काढताना आकडा खोडून नवा लिहितात, असे तिने सांगितले.

एप्रिलमध्ये नेहमीप्रमाणे वर्षाचे गहू घेतले. ५० किलोंचे तीन कट्टे. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. पल्लेदार पन्नाशीचा असावा. पहिला कट्टा घेऊन तो चढू लागला तेव्हा आम्ही नकळत मागून हात लावला. तो थांबला आणि मान न वळविता म्हणाला, “बाबूजी, आप छोड़ दीजिए. हाथ लगाने से बोझ हिलता है.” आम्ही हात काढून घेतला. थोरल्या बंधूंच्या सायकलमागे लावलेला हातही याच जातीचा असावा.

तिन्ही कट्टे वर आल्यावर त्यास पाणी दिले, बसावयास खुर्ची दिली. दर मजल्यामागे काय द्यावयाचे यावर दरसाल आम्ही घासाघीस करतो आणि ती करण्यात आम्हांस एक प्रकारचा आनंदही वाटत आला आहे. यंदा त्याने सांगितले ते दिले. आणि नाव विचारले. तो जरा बिचकला. साहेब लोकांनी नाव विचारले म्हणजे काही तक्रार असणार, असा त्याचा अनुभव असावा. मग सांगितले.

आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीत अशा रकमेपुढे आजवर नुसते ‘हमाली’ लिहिलेले आहे. त्या दिवशी हमालीपुढे त्याचे नाव लिहिले. त्याने १९९४ च्या त्या बाईस काही मिळत नाही, हे आम्हांस कळते.